जुन्या घड्याळांची बैठक



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला आणि आम्ही ‘जुन्या घड्याळांची बैठक’ असे सांगितले, तेव्हा पलीकडून थोडा वेळ काही उत्तरच आले नाही. काल याच व्यासपीठावरून पाण्याच्या प्रश्नावर बोलणे झाले, उद्या शेतमालाच्या भावांवर व्हायचे आहे. मध्येच हे श्रीमंतांच्या घड्याळांचे प्रकरण कशाला, असे त्यांच्या मनात आले असल्यास ते रास्तच आहे. आमच्याही मनात ते आले होते. परंतु ज्या बैठकीची हकीकत आज सांगणार आहोत, तिथे आम्ही गेलो ते कुतूहलाने आणि परतलो ते ओशाळून. आणि या ओशाळण्यातून जे हाती लागले, ते केवळ घड्याळांपुरते नाही असे आम्हांला वाटते. अध्यक्षांच्या टेबलावर घंटा आहे व भिंतीवर घड्याळ आहे, तेव्हा वेळेच्या विषयावर बोलताना वेळ मोडण्याचा दोष आमच्याकडून घडणार नाही.

आमचे एक डॉक्टर मित्र आहेत. त्यांना जुन्या मनगटी घड्याळांचा नाद आहे. असे नादी लोक मुंबईत दोनतीन महिन्यांनी कुणाच्या तरी घरी जमतात. ही बैठक खाजगी असते. तिची जाहिरात नसते आणि ओळखीशिवाय प्रवेश नसतो. डॉक्टरांनी आम्हांला नेले ते एका अटीवर: घरातले एखादे जुने घड्याळ बरोबर घ्यायचे. “रिकाम्या हाताने बारशाला जाऊ नये, तसे आहे हे,” ते म्हणाले. आमच्या घरी जुने घड्याळ एकच, वडिलांचे. ते आम्ही रुमालात गुंडाळून खिशात घातले.

दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या इमारतीत, रविवारी दुपारी, चौदापंधरा माणसे एका लांब टेबलाभोवती बसली होती. टेबलावर हिरवी मखमल अंथरलेली, वर झुंबर असूनही दोन साधे अभ्यासाचे दिवे लावलेले. दारातच नियम सांगण्यात आले. हातातल्या अंगठ्या, कडी काढून ठेवावीत. दुसऱ्याचे घड्याळ विचारल्याशिवाय उचलू नये. उचलले तर टेबलापासून वीतभरापेक्षा वर नेऊ नये, म्हणजे हातून सुटले तरी मखमलीवर पडेल. माणसांची छायाचित्रे घेऊ नयेत. आणि किंमत विचारू नये. हा शेवटचा नियम ऐकून आम्हांला बरे वाटले. परंतु अर्ध्या तासात ध्यानात आले की जी गोष्ट विचारायची नाही असे ठरते, तीच सगळ्यांच्या मनात असते.

मंडळी मात्र आम्ही कल्पिली तशी नव्हती. एक बांधकाम व्यावसायिक होते, दोन भगिनी होत्या, एक संगणकाच्या धंद्यातला तिशीतला तरुण होता, बँकेतून निवृत्त झालेले एक अधिकारी होते. आणि खिडकीपाशी वेगळ्या खुर्चीवर, समोर पाटासारखी एक फळी घेऊन, गिरगावातले एक वृद्ध घड्याळजी बसले होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. कुणाला आपले घड्याळ उघडून दाखवायचे असेल तर ते काम अण्णांचे.

मग एकेक नग मखमलीवर येऊ लागला. पहिले होते चौकोनी, ‘रिव्हर्सो’ नावाचे. त्याची तबकडी चौकटीतून बाजूला सरकवून उलटी करता येते. काच आत जाते आणि पोलादी पाठ वर येते. याचे मूळ आपल्या देशात आहे. पोलो खेळताना इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत. त्यांच्या तक्रारीवरून ही युक्ती सुचली, असे बनवणारी कंपनी सांगते. या रचनेचे पेटंट १९३१ सालचे आहे. पुढे त्या कोऱ्या पाठीवर लोक नाव, बोधचिन्ह, क्वचित प्रिय व्यक्तीचे मिन्यातले चित्र काढून घेऊ लागले. गरजेपोटी जन्मलेली वस्तू हौसेची कशी होते, याचा हा छोटा दाखला.

त्यानंतर एक ‘रोलेक्स ऑयस्टर’ आले. पाणी आत शिरू न देणारे हे मनगटी घड्याळ कंपनीने १९२६ साली बाजारात आणले. दुसऱ्या वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ या इंग्रज तरुणीने इंग्लिश खाडी पोहताना ते गळ्यात बांधले, आणि कंपनीने लंडनच्या वृत्तपत्रात पहिले पानभर जाहिरात देऊन त्याचा डंका पिटला. हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु त्या बैठकीतल्या एका भगिनीने उरलेली अर्धी गोष्ट सांगितली. ग्लाइट्झने खाडी पार केली होती ती आधीच्या खेपेला, त्याच ऑक्टोबरच्या सुरुवातीला. तेव्हा हे घड्याळ तिच्यापाशी नव्हते. लोकांनी शंका घेतली म्हणून ती पुन्हा उतरली, ती घड्याळ घेऊन. आणि त्या वेळी दहा तासांहून अधिक काळ गारठ्याशी झगडल्यावर तिला पाण्यातून वर काढावे लागले. घड्याळ चालू राहिले, हे खरेच. पण अर्धवट राहिलेले ते पोहणे हळूहळू लोकांच्या आठवणीत पुरे झाले. हा प्रसंग आपण ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज लागेल.

येथे एक प्रश्न कुणीही विचारील. साध्या बॅटरीवर चालणारे घड्याळ जर यांच्याहून अचूक वेळ दाखवते, तर या जुन्या यंत्रांचा एवढा सोस कशासाठी? प्रश्न बरोबर आहे. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीने टोकियोत पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला ठेवले. त्या जातीच्या घड्याळात गारगोटीच्या कुळातला एक स्फटिक विजेने थरथरतो. आज सर्रास मिळणाऱ्या घड्याळात हा वेग सेकंदाला ३२,७६८ वेळा इतका असतो. चावीच्या जुन्या घड्याळाचे चक्र बहुधा सेकंदाला पाच ठोके देते. कुठे पाच आणि कुठे बत्तीस हजार! पैज तिथेच संपली. स्वित्झर्लंडच्या घड्याळधंद्यात १९७० साली सुमारे ९० हजार माणसे कामाला होती. १९८० च्या दशकाच्या मध्याला ती सुमारे ३० हजारांवर आली. आपल्याकडे १९६१ साली जपानी सिटिझन कंपनीच्या साह्याने बंगलोरला निघालेला आणि घरोघरी पोचलेला एचएमटीचा घड्याळ-कारखाना बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. वेळ दाखवण्याच्या कामातून चावीचे घड्याळ निवृत्त झाले. आणि माणसांच्या बाबतीत क्वचितच होते ते त्याच्या बाबतीत झाले. निवृत्तीनंतर त्याचा भाव वाढला.

हा भाव कशावर ठरतो, हे त्या दुपारी आम्हांला कळले. तो सोन्यावर ठरत नाही. घड्याळावर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेले असते, त्यावरून आमच्या लहानपणी आम्ही घरात १७ माणके आहेत अशी फुशारकी मारीत असू. ती माणके कारखान्यात भट्टीत तयार केलेली असतात. चाकांचे आस झिजू नयेत म्हणून बसवतात, आणि त्यांची किंमत काही आण्यांची. भाव ठरतो तो ‘अस्पर्श’पणावर. जे घड्याळ कारखान्यातून जसे निघाले तसेच, आपल्या वयासकट, समोर आले ते मोलाचे. काळी तबकडी उन्हाने व दमट हवेने तपकिरी झाली तर आपण म्हणू खराब झाली. हे लोक म्हणतात, पिकली! काट्यांवरचा अंधारात चमकणारा लेप पिवळा पडून विझला असेल तर तो खरवडायचा नाही. तो लेप म्हणजे जुन्या घड्याळांत रेडियम. अमेरिकेत तो लावणाऱ्या मुली कुंचल्याचे टोक ओठांनी बारीक करीत आणि त्यातल्या कित्येकींना त्या विषाने मरण आले, ही कहाणी आपणांपैकी काहींना माहीत असेल. १९६० च्या दशकात त्याची जागा ट्रिटियमने घेतली. रेडियमचा निम्मा भाग संपायला सुमारे १६०० वर्षे लागतात, ट्रिटियमचा सुमारे १२. म्हणून त्या संगणकवाल्या तरुणाने आपल्याबरोबर किरणोत्सर्ग मोजणारे एक छोटे यंत्र आणले होते. १९५० चे म्हणून सांगितलेले घड्याळ जवळ धरावे. लेप विझलेला आणि यंत्र टकटक करणारे, तर घड्याळ खरे बोलते आहे. लेप लखलखीत आणि यंत्र मुके, तर कुणीतरी नवा लेप दिला आहे. माणसांसाठी असे एखादे यंत्र निघाले तर निवडणुकीचा खर्च पुष्कळ वाचेल, असे आम्हांला वाटून गेले.

जिथे खरेपणाला भाव, तिथे खोटेपणाचा कारखाना निघणारच. हे आजचे नाही. पॅरिसचा थोर घड्याळजी ब्रेगे याने अठराव्या शतकाच्या अखेरीस नकलाकारांना कंटाळून आपल्या तबकड्यांवर एक गुप्त सही कोरायला सुरुवात केली. ती इतकी बारीक, की उजेड तिरपा पडला तरच दिसावी. आणि अगदी अलीकडचे उदाहरण घ्या. २०२१ साली जिनिव्हाच्या लिलावात १९५७ चे म्हणून एक ‘ओमेगा स्पीडमास्टर’ ३१ लाखांहून अधिक स्विस फ्रँकांना गेले. पिकलेल्या तपकिरी तबकडीचे. ते घेतले कुणी? खुद्द ओमेगा कंपनीने, आपल्या संग्रहालयासाठी! २०२३ साली उघडकीस आले, की ते निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून जुळवलेले होते. आणि कंपनीने आपल्याच तीन माजी नोकरांचा त्यात हात असल्याचे जाहीर केले. आईला आपले मूल ओळखता येऊ नये, असाच हा प्रकार. या बाबतीत आपली मुंबईही मागे नाही. जुन्या स्विस घड्याळांच्या तबकड्या भडक रंगात रंगवून ती परदेशी पाठवण्याचा मोठा व्यापार येथून चालतो. तिकडच्या संग्राहकांत अशा घड्याळाला ‘मुंबई स्पेशल’ असे नावच पडले आहे. या नावाचा अभिमान धरावा असे त्यात काही नाही.

एवढे सगळे ऐकल्यावर आमची पाळी आली.

आम्ही रुमाल सोडला. वडिलांचे घड्याळ ‘फाव्र-ल्यूबा’ कंपनीचे, ‘सी चीफ’ नावाचे. ही स्विस कंपनी फार वर्षांपासून मुंबईत व्यापार करीत होती, आणि साठसत्तरच्या दशकांत मध्यमवर्गीय घरात लग्नात जावयाला हे घड्याळ मिळणे ही मोठी गोष्ट होती. वडील शाळामास्तर. तासाची घंटा शिपाई देई, पण ती वडिलांनी मनगटाकडे पाहून मान हलवल्यावर. बत्तीस वर्षे त्या शाळेचे तास या घड्याळावर पडले.

तरुणाने डोळ्याला भिंग लावले, घड्याळ दिव्याखाली धरले आणि एका मिनिटात खाली ठेवले. “रीडायल आहे,” तो म्हणाला. तबकडी रंगवलेली आहे. अक्षरे जाड आहेत, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत, आणि तळाशी असते ती बारीक अक्षरांची ओळ नाहीच. त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. डॉक्टरने नाडी पाहून सांगावे तसे त्याने सांगितले. घड्याळ हातोहात पुढे गेले, आणि कुणीही ते दोन क्षणांपेक्षा अधिक हातात धरले नाही.

ती तबकडी रंगवून घेणारे आम्हीच होतो. २००९ साली मुलीचे लग्न ठरले. वडील तेव्हा नव्हते. त्यांचे घड्याळ हातात बांधून कन्यादान करावे, असे मनात आले. तबकडी पिवळी पडलेली, चारच्या आकड्यापाशी पाण्याचा डाग. तो डाग कधीचा, हेही आम्हांला माहीत होते; एका पावसाळ्यात ओढ्याच्या पुरातून वडील शाळेत गेले होते, त्या दिवसाचा. तरीही मंगलकार्यात डागाळलेली वस्तू कशी घालायची? आमच्या गावातल्या दुकानात आम्ही ते दिले, आणि आठ दिवसांनी पांढरेशुभ्र होऊन आले तेव्हा आम्हांला आनंद झाला. ज्याला आम्ही मान देणे समजलो, ते वडिलांच्या आयुष्यातला एक दिवस पुसून टाकणे होते, हे त्या हिरव्या मखमलीपाशी बसल्यावर उमगले. आम्ही ओशाळलो, म्हणालो ते यासाठी.

तेवढ्यात खिडकीपासून अण्णा म्हणाले, “मास्तरांचं घड्याळ जरा इकडे द्या.”

त्यांनी पाठीमागचे झाकण उघडले. यंत्राकडे नुसती नजर टाकली, आणि झाकणच उलटे करून उजेडात तिरपे धरले. मग आम्हांला जवळ बोलावून भिंग दिले. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने ओढल्यासारखे बारीक ओरखडे होते. ते ओरखडे नव्हते, नोंदी होत्या. घड्याळजी काम झाल्यावर झाकणाच्या आत आपली खूण आणि तारीख कोरून ठेवतात. पुढच्या कारागिराला कळावे म्हणून. आमच्या झाकणात पाच नोंदी निघाल्या: १९६९, ७४, ८२, ९१, आणि पाचवी, निराळ्या हाताची, ‘डायल, २००९’.

अण्णा म्हणाले, “रंगवणाऱ्यानं आत लिहून ठेवलंय. लपवलं नाही त्यानं. हे घड्याळ खोटं नाही, साहेब. ह्याचं ऑपरेशन झालंय, आणि कागद जागेवर आहेत.” मग तरुणाकडे वळून, “तू बोललास ते बरोबरच. पण लोकांनी घड्याळं वापरली, म्हणून ती आमच्याकडे आली. न वापरलेलं राहिलं ते तिजोरीतलं. तिजोरीतल्याला भाव असतो. वापरलेल्याला हिशेब असतो.”

टेबलाभोवती कुणी बोलले नाही. मग तो तरुण उठला, आमची परवानगी घेऊन त्याने ते झाकण पुन्हा भिंगाखाली पाहिले, आणि या वेळी पुष्कळ वेळ पाहिले. बांधकामवाले गृहस्थ म्हणाले, आता सगळ्यांचीच झाकणे उघडूया. एकेक घड्याळ अण्णांच्या फळीवर जाऊ लागले. त्या दुपारचे सर्वांत दुर्मिळ म्हणून नावाजलेले घड्याळ बँकेच्या निवृत्त अधिकाऱ्यांचे होते. निवृत्तीच्या पैशातला मोठा वाटा त्यांनी त्यात घातला होता. त्यांची पाळी आली. त्यांनी घड्याळ हातात घेतले, क्षणभर अण्णांकडे पाहिले, आणि पेटीत ठेवून दिले. “आज नको, अण्णा,” ते म्हणाले. अण्णांनीही “बरं” एवढेच म्हटले.

परतीच्या गाडीत आम्ही याचाच विचार करीत होतो. जुनी वस्तू सांभाळण्याच्या दोन रीती आहेत. एक संग्राहकाची: हात लावू नका. दुसरी आपल्या घरांतली: भांड्याला कल्हई करा, देव्हाऱ्याला रंग द्या, मूर्तीला शेंदूर लावा. दुसरी रीत अडाण्यांची, असे आम्ही म्हणणार नाही; त्या रीतीनेच शेकडो वर्षे वस्तू जिवंत राहिल्या. परंतु तिच्यात एक धोका आहे. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे शेंदराचे साचलेले थर जाणकारांच्या देखरेखीखाली उतरवण्यात आले, आणि देवीचे मूळ रूप दिसले तेव्हा लोकांच्या डोळ्यांना पाणी आले. प्रत्येक थर भक्तीनेच चढवलेला होता. तरी त्या थरांखाली देवी कशी आहे, हे पिढ्यान्‌पिढ्या कुणाला सांगता येत नव्हते. भक्ती खरी, पण नोंद नव्हती.

तेव्हा आम्हांला जे सांगायचे आहे ते एवढेच. दुरुस्ती करणे हे पाप नाही. दुरुस्ती लपवणे हे पाप आहे. जिनिव्हाच्या त्या घड्याळातले भाग जोडलेले होते, हा त्याचा गुन्हा नव्हे. ते जोडलेले नाहीत असे भासवले, हा गुन्हा. ग्लाइट्झला पाण्यातून वर काढावे लागले यात तिचा कमीपणा नाही. उलट दहा तास झुंजणाऱ्या त्या मुलीचे मोल त्याने वाढते. ते सांगायचे टाळले, की गोष्ट चकचकीत होते आणि मुलगी हरवते. आणि आपण काय निराळे करतो? आपल्या थोर पुरुषांच्या चरित्रांच्या तबकड्या आपण दर पिढीला रंगवून घेतो. किल्ल्यांचे बुरूज नव्या चुन्याने लिंपतो आणि जुने कुठे संपले, नवे कुठे सुरू झाले याची खूण ठेवत नाही. घराण्याची बखर सांगताना कर्ज, भांडण, माघार हे डाग पुसतो. आदराने पुसतो, हे मान्य. पण झाकणाच्या आत तारीख कोरण्याइतका प्रामाणिकपणा एका गावातल्या अनोळखी घड्याळजीपाशी होता. तो आपणांपाशी का नसावा?

आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात असे एखादे बंद घड्याळ असेल. घरी गेल्यावर ते काढा. ते घासूनपुसून चकचकीत करू नका. पुष्कळ वर्षांनी एकदम चावीही देऊ नका, आतले तेल वाळलेले असते. एखाद्या जाणत्या घड्याळजीकडे न्या. आपल्या गावात असे किती उरले आहेत, ते तेव्हा कळेल. आणि त्यांच्या हाताखाली शिकणारे कुणी आहे का, हेही विचारा. आम्ही विचारले तेव्हा अण्णांनी नुसता हात हलवला. घड्याळे जपणारे पुष्कळ आहेत; घड्याळजी जपणारे कुणी नाही. आणि त्या घड्याळाबरोबर एक चिठ्ठी ठेवा: कुणाचे होते, कधी बिघडले, काय बदलले.

आम्ही ती चिठ्ठी लिहिली आहे. तबकडी आहे तशीच ठेवली. ती पुन्हा ‘जुनी’ करून देणारेही भेटले, परंतु तो दुसरा खोटेपणा झाला असता. चिठ्ठीत लिहिले आहे: चारच्या आकड्यापाशी पाण्याचा डाग होता, तो पुराच्या दिवशी पडला होता, आणि तो आम्ही पुसला.

ते घड्याळ आज आमच्या हातात आहे. दिवसाला ते ४ लाख ३२ हजार ठोके देते आणि तरीही दोन मिनिटे मागे पडते. अध्यक्षांचा हात घंटेकडे जात असल्याचे दिसते आहे. त्यांचे घड्याळ बरोबर आहे असे गृहीत धरून आम्ही येथेच थांबतो.